'दडपलेले' रोटरी इंजिन : एका लाडक्या दंतकथेची चिरफाड

समाजमाध्यमांवर एक कथा ठरावीक काळाने पुन्हा वर येते. जर्मनीतल्या एका पदवीहीन प्रतिभावंताने पिस्टन नसलेले इंजिन शोधले. त्यात फिरते भाग अवघे तीन. ते बिघडणे जवळजवळ अशक्य. विमानासाठी तर साक्षात वरदान. पण बड्या विमान-इंजिन कंपन्यांनी आणि तेलसम्राटांनी मिळून ते दडपले, आणि आता अमेरिकेतले मूठभर बंडखोर स्वतःच्या गॅरेजात विमाने बांधून तो वारसा जिवंत ठेवत आहेत. कथा ऐकायला गोड आहे. तिच्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. #थ्रेड

आधी चित्राविषयी. या कथेला बहुधा पहिल्या महायुद्धातल्या एखाद्या विमानाचे चित्र जोडलेले असते : नाकाशी वर्तुळात मांडलेले सिलिंडर आणि पंख्याबरोबर गरगरणारे अख्खे इंजिन. तेही 'रोटरी'च म्हणवते, पण नावापलीकडे त्याचा या कथेतल्या इंजिनाशी काडीचा संबंध नाही. ते फ्रान्समधल्या सेगँ बंधूंच्या 'नोम' घराण्याचे. त्यात पिस्टन होते, सिलिंडर होते; फक्त क्रँकशाफ्ट जागच्या जागी आणि बाकी सारा संसार फिरता. २८ मार्च १९१० रोजी आंरी फाब्र याने पाण्याच्या पृष्ठावरून विमान उचलले, ते याच घराण्यातल्या ५० अश्वशक्तीच्या इंजिनावर.

फेलिक्स वान्केलचे इंजिन सर्वस्वी निराळे. भुईमुगाच्या शेंगेसारखी मधोमध किंचित आवळलेली एक पोकळी कल्पावी. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो आणि त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला घासत राहतात. त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूशी एक कप्पा तयार होतो. तो फिरता फिरताच इंधनमिश्रण ओढतो, दाबतो, जाळतो आणि बाहेर टाकतो. झडपा नाहीत, वरखाली धावणारे काही नाही. त्रिकोणाचा, म्हणजे रोटरचा, एक फेरा होईतो मुख्य दांड्याचे तीन फेरे होतात. कंप अतिशय कमी. कागदावर हे यंत्र पाहून कोणीही मोहात पडावे, असेच ते आहे.

आता तो एकाकी प्रतिभावंत. वान्केलकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, हे खरे. १९२९ मध्ये त्याला पहिले पेटंट मिळाले, हेही खरे. तो नाझी पक्षात होता, आणि १९४० मध्ये त्याला एसएसमध्ये अधिकारपद मिळाले होते, हे मात्र या चित्रफितींतून सोयीस्करपणे गळते. आणखी एक गोष्ट गळते. फेब्रुवारी १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चाललेले त्याचे पहिले इंजिन आज ओळखले जाणारे इंजिन नव्हतेच. त्यात रोटरबरोबर बाहेरचे घरही फिरत असे; स्पार्क प्लग बदलायचा तर सगळे खोलावे लागे. घर स्थिर ठेवून ते वापरण्याजोगे केले एनएसयूच्या हान्स डीटर पाश्के या पगारी अभियंत्याने. पुढे गाड्यांत आणि विमानांत गेले ते याच घडणीचे इंजिन. पण चित्रफितीला नायक एकच लागतो, आणि पाश्के हे नाव उच्चारायलाही अवघड.

कथेचा कणा असलेला 'दडपले' हा शब्द आता तपासू.

१९५८ साली वान्केल इंजिनाचा परवाना घेणारी पहिली अमेरिकन कंपनी कोणती? कर्टिस-राइट. म्हणजे ज्यांनी दडपल्याचा आरोप आहे, त्या विमान-इंजिनवाल्यांतलेच एक बडे घराणे. या कंपनीने पैसे मोजले, स्वतःची इंजिने घडवली, ती विमानांत बसवून पाहिली. साठच्या दशकाच्या अखेरीस लॉकहीडने 'क्यू-स्टार' नावाचे प्रायोगिक विमान याच इंजिनावर उडवले. व्हिएतनामच्या युद्धात रात्री आवाज न करता टेहळणी करणाऱ्या विमानांच्या शोधातले ते एक पाऊल होते. १९७० मध्ये जनरल मोटर्सने परवान्यासाठी ५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. १९८४ मध्ये कर्टिस-राइटचा रोटरी विभाग जॉन डीअरने घेतला. ट्रॅक्टरवाल्यांनाही विमानाच्या इंजिनाची स्वप्ने पडत होती. इतक्या लोकांनी इतका पैसा ओतून एखादी वस्तू 'दडपावी', हे दडपशाहीच्या इतिहासातले एकमेव उदाहरण ठरेल.

तेलसम्राटांचे प्रकरण तर याहून विनोदी आहे. वान्केल इंजिनाचा ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा. त्यामुळे ज्वाळेची उष्णता भिंतींत अधिक मुरते आणि काही मिश्रण न जळताच निसटते. परिणामी तेवढ्याच कामाला हे इंजिन पिस्टनवाल्या भावंडापेक्षा जास्त पेट्रोल पिते. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने आपला कार्यक्रम बाजूला ठेवला. (एएमसी कंपनीची 'पेसर' ही गाडी त्या इंजिनासाठीच आखली होती, बिचारीला शेवटी सहा सिलिंडरचे जुनेच धूड पोटात घ्यावे लागले.) जास्त तेल पिणारे यंत्र तेल विकणारा कशासाठी मारील?

येथवर वाचून दुसऱ्या छावणीतले लोक टाळ्या पिटू लागतील. त्यांचे मत उलट : रोटरी म्हणजे मुळातच भिकार यंत्र, टोकांवरची सील झिजणार, इंजिन बसणार. त्यांनीही टाळ्या आवरत्या घ्याव्यात. १९६७ ची एनएसयू आरओ-८० ही मोटार सीलच्या दुखण्याने आणि हमीपोटी बदलून द्याव्या लागलेल्या इंजिनांनी कंपनीला बुडवून गेली, हे खरे. पण त्याच साली हिरोशिमाच्या माझदाने 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आणली. केनिची यामामोतो यांच्या चमूने रोटरच्या घराच्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांशी वर्षानुवर्षे झुंज दिली होती. 'सैतानाच्या नखांचे वण' असे त्या ओरखड्यांचे नाव. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाच्या सीलने तो प्रश्न सुटला. १९६८ मध्ये नुर्बर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या शर्यतीत एक कॉस्मो चौथी आली. १९९१ मध्ये चार रोटरच्या माझदा ७८७बी ने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. ज्या यंत्राचा गाभा भिकार असतो, ते असे पळत नाही.

म्हणजे गाभा निर्दोष आहे. मग हौशी विमानबांधणीत रोटरी कायम परिघावर का राहिली? दोन्ही छावण्या या प्रश्नाला बगल देतात.

घरी विमान बांधणे ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात अनेकांनी पाहिले; त्याची नोंदणी होण्यास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. अमेरिकेत ही वाट फार आधी रुळली. १९५३ मध्ये मिल्वॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन उभी राहिली. तेथील नियमांनुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून बांधला असेल, तर 'प्रायोगिक' अशी पाटी लावून ते उडवता येते. इंजिन कोणते, यावर बंधन नाही. बंधन एवढेच, की आरंभीचे ठरावीक तास एकट्याने, नेमून दिलेल्या क्षेत्रात काढायचे : प्रमाणित इंजिन व पंख्याची जोडी असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४०. शिवाय आत बसणाऱ्या पाहुण्याला दिसेल अशी सूचना लिहायची, की हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम त्याला लागू नाहीत. स्वातंत्र्य आणि धोक्याची नोटीस एकाच पाटीवर.

या हौशी मंडळींसमोर पर्याय कोणता होता? लायकॉमिंगचे ओ-३६० : चार सिलिंडर, ५.९ लिटर, १८० अश्वशक्ती, हवेने थंड होणारे, १९५० च्या दशकातले. नवे घ्यायचे तर किंमत हजारो डॉलरांच्या घरात, कित्येकदा बाकी विमानाच्या खर्चाला भिडणारी. दुसरीकडे, भंगारात निघालेल्या माझदा आरएक्स-७ मधले '१३बी' इंजिन : दोन रोटर, अवघे १,३०८ घनसेंटिमीटर, आटोपशीर, प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग, साध्या शिसेविरहित पेट्रोलवर चालणारे, आणि किंमत लायकॉमिंगच्या पासंगालाही न पुरणारी. शिवाय समर्थकांचा एक भारदस्त मुद्दा : पिस्टनचे इंजिन मोडते तेव्हा दांडा तुटून घर फोडून बाहेर येतो, रोटरी मात्र बहुधा शक्ती गमावत, कण्हत कुंथत का होईना, फिरत राहते. मोह समजण्यासारखा आहे, आणि तो मूर्खांचा मोह नव्हता. फ्लोरिडातल्या ट्रेसी क्रूक यांनी आपल्या आरव्ही-४ विमानात १३बी बसवून वर्षानुवर्षे उड्डाणे केली, जोड-गिअर आणि इंजिन-नियंत्रक स्वतः घडवून इतरांना विकले, रूपांतराची पुस्तिका लिहिली. अशा माणसांना वेडे म्हणणे हा कृतघ्नपणा ठरेल.

पण 'तीन फिरते भाग' या घोषणेवर विमान उडत नाही. दोन रोटर आणि एक दांडा हे तीन भाग खरेच. त्यांच्याभोवती मात्र पाण्याचा पंप, तेलाचा पंप, पट्टा, अल्टरनेटर, पेट्रोलचे पंप, इंजेक्टर, संगणक, रेडिएटर, ऑइल कूलर, रबरी नळ्या आणि गिअरबॉक्स असा सगळा लवाजमा असतो. लायकॉमिंगमध्ये यातले निम्मे नसते. पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसतो, प्रज्वलन मॅग्नेटोवर चालते, बॅटरी संपली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. फिरते भाग मोजायचेच असतील तर पंख्यापासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत मोजावेत.

गिअरबॉक्स पाहू. १३बी आपली शक्ती देते मिनिटाला सुमारे ६,००० फेऱ्यांवर. विमानाचा पंखा त्या वेगाने फिरवला तर त्याची टोके ध्वनीच्या वेगापलीकडे जातात आणि तो जोर देण्याऐवजी नुसता आरडाओरडा करतो. म्हणून मध्ये वेग कमी करणारा गिअर हवा. येथे मोटारीचा अनुभव उपयोगी पडत नाही. इंजिनाचे ठोके एका टोकाला, जड पंख्याची जडता दुसऱ्या टोकाला, आणि दोहोंमधला दांडा पीळ घेणाऱ्या स्प्रिंगसारखा. एखाद्या नेमक्या वेगावर हे झोके एकमेकांना साथ देऊ लागले, की पोलादही थकते. हा हिशेब कारखान्यात मोजमापाची यंत्रे लावून करतात. गॅरेजात तो करायचा कोणी, आणि चुकला तर कळायचा कोठे? उत्तर अनेकदा हवेत मिळते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा, आणि हौशी रोटरीवाल्यांची सर्वाधिक दमछाक येथेच झाली. रोटर आतून तेलाने थंड होतो. म्हणजे तेल हे केवळ वंगण राहत नाही, शीतकही होते, आणि त्याला स्वतःचा दांडगा ऑइल कूलर लागतो. पाण्याचा रेडिएटर वेगळाच. मोटारीला पूर्ण शक्ती क्वचित, क्षणभर लागते. विमान उड्डाणानंतर मिनिटेच्या मिनिटे पूर्ण शक्तीवर आणि कमी वेगाने चढते. उष्णता सर्वाधिक, वारा सर्वांत कमी. रेडिएटर मोठा करावा तर हवेचा अडथळा वाढतो आणि स्वस्तात मिळवलेली शक्ती त्यातच जिरते.

दुसऱ्या महायुद्धाचे चाहते येथे पी-५१ मस्टँगचे नाव काढतात, आणि ते योग्यच आहे. मस्टँगच्या पोटाखालच्या रेडिएटरची वाहिनी एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या तत्त्वावर आखली होती : हवा आत घेताना वाहिनी पसरत न्यायची म्हणजे हवा मंदावते व दाब वाढतो; ती रेडिएटरमधून सावकाश जाऊ द्यायची; तापून फुगलेली हवा मागच्या अरुंद तोंडातून वेगाने सोडायची. असे केले तर रेडिएटरचा बराचसा अडथळा भरून निघतो. कित्येक हौशी मंडळींनी हा अभ्यास जिद्दीने केला, जुनी वायुगतिकीची पुस्तके चाळली, वाहिन्यांचे आकार वारंवार बदलले. पण मस्टँगच्या वाहिनीमागे वायुबोगदे आणि नॉर्थ अमेरिकन कंपनीचे पगारी अभियंते होते. घरी बांधणाऱ्याच्या मागे शनिवार-रविवार होता.

एक्झॉस्टचे तर विचारू नये. झडप नसल्याने छिद्र एकदम उघडते आणि धगधगता वायू स्फोटासारखा बाहेर येतो. पातळ पत्र्याचे सायलेन्सर त्यापुढे टिकत नाहीत. तापलेल्या आवरणाखाली पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे, दोन प्लग असूनही दोन्ही एकाच बॅटरीवर विसंबून असणे, अशी बारीकसारीक दुखणी वेगळीच. यांतल्या एकाचाही दोष रोटरला देता येत नाही. सील शाबूत, रोटर शाबूत, आणि विमान शेतात.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हौशी विमानांचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. तो केवळ रोटरीविषयी नव्हता, सगळ्याच घरगुती विमानांविषयी होता. अपघातांच्या कारणांत इंजिन-प्रणालीचे बिघाड आणि उड्डाणात ताबा सुटणे ही दोन सर्वांत वर होती, आणि अपघातांचा मोठा वाटा विमानाच्या आयुष्याच्या अगदी आरंभी घडलेला आढळला. 'बिघडणे अशक्य' असे सांगणारी चित्रफीत पाहून कोणी गॅरेजात उतरला, तर तो नेमका याच आरंभाच्या तासांत एकटा बसलेला असतो. या कथेची चिरफाड करण्याचे कारण तेच. नुसत्या माहितीच्या चुकीवर एवढी शाई कोणी खर्च करीत नाही.

यावर हमखास येणारा प्रतिवाद : गिअर आणि पाणी या अडचणी खऱ्या असत्या, तर मग दुसऱ्या कोणालाही त्या सुटल्या नसत्या, अर्थात जुन्या कंपन्यांनी नव्याला दारच उघडले नाही. हा प्रतिवाद एका नावाने कोसळतो : रोटॅक्स ९१२. ऑस्ट्रियातले हे इंजिन १९८९ मध्ये आले. ८० अश्वशक्ती, मिनिटाला ५,८०० फेरे, पंख्यासाठी गिअर, सिलिंडरच्या डोक्यांना पाण्याची थंडाई. हौशी रोटरीवाल्यांना जे जे नडले, ते सारे यात आहे. तरीही हलक्या विमानांच्या जगात त्याने जुन्या इंजिनांना बाजूला सारले. दार बंद नव्हते. कारखान्याने गिअर, रेडिएटर, प्रज्वलन आणि दुरुस्तीचे वेळापत्रक एकत्र घडवून, चाचणी घेऊन, सुट्या भागांसह विकले, म्हणून ते आत आले. १३बी ला असा पालक विमानक्षेत्रात कधी मिळाला नाही. माझदाने ते इंजिन मोटारीसाठी बांधले होते.

आणि रोटरी आकाशातून हद्दपार झाली, हेही खरे नाही. ती कोठे रुजली, हे पाहिले की सगळे उलगडते. जर्मनीच्या श्लायशर कंपनीच्या एएसएच-२६ ई या ग्लायडरमध्ये सुमारे ५० अश्वशक्तीचे एक रोटरचे इंजिन आहे. ते धडाच्या पोटात बसते, वैमानिक उंचीवर पोहोचला की पंख्याचा खांब मिटवून आत घेतला जातो. त्याचे पूर्वज इंग्लंडमधल्या नॉर्टनच्या मोटारसायकली. त्याच वंशातली यूएव्ही इंजिन्स या इंग्रज कंपनीची रोटरी अमेरिकी सैन्याच्या 'शॅडो' या वैमानिकरहित टेहळणी विमानात गेली. कमी वजन, कमी कंप. कॅमेऱ्याला आणखी काय हवे?

हीच वाट महाराष्ट्रापर्यंत येते. अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास आस्थापनेने बंगळुरूच्या दोन संस्थांसह ५५ अश्वशक्तीचे भारतीय वान्केल इंजिन घडवले. २००९ मध्ये कोलारच्या दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवरून 'निशांत' हे वैमानिकरहित विमान ते घेऊन उडाले. निशांतला उतरण्यासाठी धावपट्टी लागतच नसे; ते पॅराशूटने खाली येई.

तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवावीत. ग्लायडरचे इंजिन बंद पडले तर तो पुन्हा ग्लायडर होतो. शॅडो आणि निशांत यांत माणूस नाही. म्हणजे इंजिन थांबण्याची किंमत जेथे सर्वांत कमी, तेथे रोटरीने आपले गुण दाखवले. घरी बांधलेल्या दोन आसनी विमानात, झाडांच्या शेंड्यांवर दोनशे फुटांवर, ती किंमत सर्वांत जास्त असते. 'अन्याय' हा शब्द या निवाड्याला लागू होत नाही.

चित्रफितींतून दिसतात ती उडालेली विमाने. रेडिएटरचे गणित न जुळल्याने दहा वर्षे ताडपत्रीखाली पडून राहिलेले सांगाडे, शेवटी कंटाळून बसवलेले लायकॉमिंग, यांची छायाचित्रे कोणी टाकत नाही. हौशी रोटरीवाल्यांतल्या प्रामाणिक लोकांनी मात्र आपल्या फसलेल्या वाहिन्या, जळालेले सायलेन्सर, गिअरमधले तडे एकमेकांना दाखवले, तापमानाचे आकडे लिहून ठेवले. इतिहासाला साधन म्हणून हवी आहेत ती ही टिपणे. कटाच्या कथेत त्यांना जागा नाही, कारण कट असेल तर चूक कोणाचीच नसते.

राहिले ते सुरुवातीचे चुकीचे चित्र. तेही अगदीच वाया जात नाही. नऊ सिलिंडरचे, १०० अश्वशक्तीचे नोम इंजिन आज न्यूझीलंडमध्ये नव्याने घडवले जाते, आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या प्रतिकृती बांधणारे लोक ते विकत घेतात. त्यात शंभर वर्षांपूर्वीप्रमाणेच एरंडेल तेल घालतात. ते तेल फिरून परत येत नाही. वापरले जाते आणि वाऱ्याबरोबर मागे उडते. वैमानिकाच्या चष्म्यावर, अंगरख्यावर, कधी तोंडातही.